तलावाचा काठ आणि तिकिटाची खिडकी

नागपुरास परगावचा पाहुणा आला म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" पुष्कळ वर्षे आम्ही नागपूरकर या प्रश्नाने ओशाळे होत असू. आमच्याजवळ समुद्र नाही, महाबळेश्वराची थंड हवा नाही. ऊन मात्र विपुल आहे, पण ते पाहावयास कोणी येत नाही. मग आम्ही पाहुण्यास महाराजबागेत नेत असू, सेमिनरी टेकडीवरून शहर दाखवीत असू, आणि सायंकाळी फुटाळ्याच्या अथवा अंबाझरीच्या काठी बसवून भाजलेले कणीस त्याच्या हाती देत असू. पाहुणा संतुष्ट होई, आणि आमचे खिसेही फारसे हलके होत नसत.

आता दिवस पालटले आहेत. ताडोबा आणि पेंच यांचे द्वार म्हणून नागपुरास व्याघ्रराजधानी हे नाव मिळाले आहे. गोरेवाड्याच्या जंगलात 26 जानेवारी 2021 रोजी आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाची सफारी सुरू झाली. फुटाळ्याच्या पाण्यावर 2022 साली रंगीत दिव्यांची संगीतमय कारंजी नाचविण्यात आली. अंबाझरीच्या उद्यानात थीम पार्क उभारण्याचे ठरले. शहर प्रवाशांसाठी नटू लागले, यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. तथापि या नटण्याविषयी आमच्या मनात एक शंका घर करून बसली आहे, आणि ती बसण्यास कारण एक शाळकरी सहल झाली. म्हणून तीच हकीकत प्रथम सांगतो.

गतवर्षी आठव्या इयत्तेच्या सहलीचा विचार निघाला तेव्हा मुलांनी एकमुखाने एका करमणुकीच्या उद्यानाचे नाव घेतले. तेथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आकाशपाळणा आहे, कृत्रिम लाटाही आहेत. वर्गात जो जयघोष झाला तो शेजारच्या वर्गातील व्याकरणाच्या तासास फार बाधक ठरला. वर्गणी ठरली, आठ दिवसांची मुदत दिली. मुदत संपली तेव्हा अकरा मुलांची वर्गणी आली नव्हती. एकाच्या मामाचे लग्न निघाले होते. एकाला पाण्याची भीती वाटत होती. तो मुलगा दर रविवारी कन्हान नदीत पोहतो हे सर्वांस ठाऊक होते. दोघांना तर सहलीच्या दिवशी ताप येणार होता. पंधरा दिवस आधी कळणारा ताप आम्ही शिक्षकपेशात पुष्कळ पाहिला आहे. त्याचे औषध वैद्याकडे नसते.

शाळेने त्या अकरांची वर्गणी भरावी अशी सूचना आली. ती सूचना चांगल्या अंतःकरणाची होती, पण त्या मुलांचे चेहरे पाहून आम्हांस ती पुढे रेटवली नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या पैशाने पाळण्यात बसणे किती जड जाते, हे ज्यांना आठवत असेल त्यांस अधिक सांगणे नको. सहल रद्द झाली आणि तिच्या जागी आम्ही वर्गास पायी व शहर बसने अंबाझरी आणि फुटाळा दाखविण्याचे ठरविले. प्रथम मुले रुसली. निघाली मात्र सर्व. ताप कोणासही आला नाही.

अंबाझरीच्या बांधावर उभे राहून आम्ही नेहमीची माहिती सांगू लागलो. या नावातच आंबा आहे आणि झरा आहे; जुना तलाव होता, त्याचा बांध 1870 च्या सुमारास वाढविण्यात आला, आणि येथूनच शहरास नळाचे पाणी मिळू लागले. पुढे गोरेवाडा, कन्हान आणि पेंच येथून पाणी आले आणि अंबाझरीचे काम हलके झाले. इतके सांगून होते न होते तोच एका मुलाने विचारले, "सर, तलाव भरून वाहू लागला म्हणजे पाणी कोठे जाते?" आम्ही सांडव्याकडे बोट करणार, इतक्यात मागच्या रांगेतून दुसरा मुलगा म्हणाला, "आमच्या घरात जाते."

कोणी हसले नाही. तो मुलगा नाग नदीकाठच्या वस्तीत राहतो. 22 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि सांडव्याचे पाणी नाग नदीच्या अरुंद पात्रात मावेनासे झाले. पहाट होण्यापूर्वीच अंबाझरी वसाहत, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील घरांत पाणी शिरले होते. सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकातील बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. मूकबधिर मुलांच्या शाळेतून विद्यार्थ्यांना आपत्ती निवारण पथकाने बाहेर काढले. संकटात हाकही मारू न शकणाऱ्या त्या लेकरांची ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पनाही करवत नाही. लष्करास पाचारण करावे लागले. आमच्या त्या विद्यार्थ्याने सांगितले की, त्याच्या आईने प्रथम पिठाचा डबा उचलला आणि त्याने स्वतः दप्तर. पैकी डबा वाचला.

पूर ओसरल्यावर शहराने विचारावयाचा प्रश्न विचारला: पाण्याच्या वाटेत काय काय उभे होते? सांडव्यासमोर बांधलेल्या स्मारकाचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ते स्मारक स्वामी विवेकानंदांचे आहे. एवढ्या थोर पुरुषास पाण्याच्या वाटेत उभे करणे हा त्यांचा गौरव खचित नव्हे. स्थान निवडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता हे आम्ही मानतो. पाठीमागे विस्तीर्ण जलाशय आणि पुढे पुतळा, हे दृश्य छायाचित्रात फार शोभते. दोष तेवढाच होता. तलाव म्हणजे पाणी साठविण्याची व सोडण्याची योजना आहे, हे विसरून तो देखाव्याचा पडदा समजला गेला.

वाचकांनी येथे क्षणभर नागपूरचा इतिहास आठवावा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने जुम्मा तलाव बांधला. त्यासच आपण आज गांधीसागर म्हणतो. फुटाळा तलाव 1799 साली, भोसल्यांच्या अमदानीत बांधला गेला. या राजेलोकांस करमणुकीचे वावडे होते असे नव्हे. महाराजबाग हा तर भोसल्यांचाच बगीचा. 1894 पासून तेथे प्राणिसंग्रहालय आहे. परंतु त्यांच्या हाती क्रम बरोबर होता. आधी पाणी, मग पाण्याच्या आधाराने झाड, आणि झाडाखाली बसावयास ओटा. आज आपण आधी ओट्याचे, किंबहुना ओट्यावरील आसनांचे तिकीट छापतो, आणि पाण्याचा विचार पाऊस पडल्यावर करतो.

फुटाळ्याचेच पाहा. कारंजी नाचली तेव्हा आम्हीही गर्दीत उभे राहून ती पाहिली, आणि ती सुंदर होती हे न सांगणे कृपणपणाचे ठरेल. ए. आर. रहमान यांचे संगीत, पाण्यावर उमटणारी चित्रे, पाचशे हात उंच गेल्यासारखी वाटणारी धार! आमच्या शेजारी एक म्हातारबा नातवास खांद्यावर घेऊन उभे होते. दोघांपैकी अधिक आश्चर्यचकित कोण, हे सांगता येत नव्हते. पण प्रेक्षागार आणि तलावातील बांधकाम यांमुळे तलावास इजा पोहोचते अशी तक्रार घेऊन शहरातील काही मंडळी न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, फुटाळा हा मनुष्यनिर्मित तलाव असल्याने पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत तो बसत नाही. तक्रारदार हरले. मात्र त्याच निर्णयात न्यायालयाने असेही म्हटले की, सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व निसर्गाने दिलेल्या जलाशयांप्रमाणेच माणसाने बांधलेल्या जलाशयांनाही लागू आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिली गोष्ट आली. आम्हांस दुसरी अधिक मोलाची वाटते. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. ठेव ज्याची आहे त्यास ती जशीच्या तशी परत देणे हे त्याचे काम. फुटाळ्याची ठेव कोणाची? कणीस विकणाऱ्या बाईची, पहाटे फिरावयास येणाऱ्या पेन्शनरांची, आणि खिशात दमडी नसताना संध्याकाळ घालवावयास आलेल्या विद्यार्थ्याचीही.

अंबाझरी उद्यानाच्या कथेत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. थीम पार्कसाठी उद्यानाची जागा पर्यटन महामंडळामार्फत खाजगी हाती दिली गेली, आणि 2021 साली त्या आवारातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडण्यात आले. ज्या शहरात 1956 साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्याच शहरात हे घडावे! ते भवन त्याच जागी पुन्हा उभे करावे म्हणून नागरिकांनी, त्यांतही विशेषतः स्त्रियांनी, दीर्घकाळ धरणे धरले. अल्प भाड्यात लग्न, सभा, व्याख्यान करता येण्याजोगी जागा ही ज्यांना मोठ्या सभागृहांचे दर परवडत नाहीत त्यांची जागा असते. ती जाऊन तेथे पाळणा आला, तर पाळण्यात बसणारे निराळे असतील आणि खाली उभे राहून पाहणारे निराळे. आमच्या आठवीच्या वर्गात जे अकरा निराळे झाले, त्यांचीच ही मोठी आवृत्ती आहे.

कोणी पालक म्हणतील, मास्तरांस पाळण्यांचा राग दिसतो. तसे नाही. बाहेरचे प्रवासी आले तर रिक्षावाल्यास, खानावळीस, संत्र्याची बर्फी विकणाऱ्यास चार पैसे मिळतात, हे आम्ही जाणतो. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची घरे त्याच चार पैशांवर चालतात. करमणुकीचे उद्यान ही काही काल निघालेली गोष्टही नव्हे. डेन्मार्कच्या राजधानीत टिवोली हे उद्यान 1843 साली निघाले. शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागेवर ते वसले असून खंदकाचा उरलेला भाग म्हणजे तेथील तळे. तेथे तिकीट आहे आणि लोक आनंदाने ते काढतात. पण त्याच्याही आधी, 1766 साली, व्हिएन्ना येथे सम्राट दुसरा जोसेफ याने प्राटर नावाचे आपले शिकारीचे रान सर्व प्रजेस मोकळे केले. पुढे तेथे पाळणे आले, उपाहारगृहे आली. पाळण्यास पैसे पडतात, रानात शिरण्यास पडत नाहीत. ही विभागणी आम्हांस शहाणपणाची वाटते. पाळण्याचे भाडे खुशाल घ्या. काठाचे घेऊ नका.

गोरेवाड्याविषयी थोडेच लिहितो. तेथील सफारी आम्ही पाहिली नाही. डिसेंबर 2024 मध्ये तेथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, ही बातमी वाचून मात्र मन खिन्न झाले. वाघास आपण राजधानीचा मान दिला, तर त्याच्या पुढ्यातील मांसाची तपासणी हे राजकार्यच समजले पाहिजे. तेथे गोंड संस्कृतीचे दर्शन घडविणारे उद्यान करण्याचेही बोलले जाते. अवश्य करावे. फक्त गोंड राजाचे खरे दर्शन जेथे आजही घडते, त्या गांधीसागराचे पाणी तोपर्यंत पाहण्याजोगे राहावे.

आमच्या मुलांस ती सहल आवडली की नाही, हे आम्ही परतताना विचारले नाही. उत्तराची थोडी भीतीच होती. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर कोणीतरी खडूने तलाव, सांडवा आणि नदी यांचा नकाशा काढून ठेवलेला आढळला. नदीच्या एका वळणावर लहानसे घर काढले होते आणि घराच्या भिंतीवर, दाराच्या निम्म्या उंचीवर, एक आडवी रेघ ओढली होती. पाणी तेथवर चढले होते. आम्ही तो फळा दोन दिवस पुसला नाही. गणिताच्या शिक्षकांनी दुसऱ्या फळ्यावर काम भागविले.

यंदा जानेवारीत नवी आठवी अंबाझरीच्या सांडव्यापासून निघून नाग नदीच्या काठाकाठाने, जेथवर वाट मिळेल तेथवर, गांधीसागरापर्यंत चालत जाणार आहे. वर्गणी नाही. प्रत्येकाने पाण्याची बाटली, भाकरी अथवा पोळी, आणि चिखल लागला तरी आई रागावणार नाही असे जोडे आणावेत. ज्या पालकांनी अथवा आजी-आजोबांनी नाग नदीत पूर्वी कपडे धुतले असतील, मासे धरले असतील, ते आमच्याबरोबर चालतील तर फार बरे होईल. नदी तेव्हा कोठवर रुंद होती, हे मुलांना जागेवर दाखविणारे आम्हांस कोणी तरी हवे आहे. गतवर्षीचा नकाशा काढणारा विद्यार्थी आता नववीत गेला आहे. त्यानेही येण्याचे कबूल केले आहे.