जुन्या गाडीचे ब्रेक आणि कारागिराची मजुरी

आमचा धंदा कापडाचा. गांधीनगरच्या पेठेतून माल उचलायचा, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांशी भाव करायचा आणि कोल्हापुरात दुकान चालवायचे, यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा मोटारसायकलच्या ब्रेकवर आम्ही लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जो प्रसंग घडला त्याचा संबंध ब्रेकइतकाच मजुरीशी, बिलाशी आणि गिऱ्हाइकाच्या समजुतीशी आहे. या पानाच्या वाचकांत गॅरेजवाले, लेथवाले, स्पेअर पार्टचे दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे ही हकिकत ठेवावी असे वाटले.

आमच्या धाकट्या भावाने तरुणपणी एन्फिल्ड फ्युरी घेतली होती. ऐंशीच्या दशकात मद्रासच्या एन्फिल्ड कारखान्याने जर्मनीच्या झुंडॅप गाडीवरून ही गाडी काढली. बुलेट, येझदी, राजदूत या गाड्या ज्यांनी चालवल्या त्यांना ठाऊक आहे की त्या काळी ब्रेक म्हणजे ड्रम, शू आणि केबल. यामाहाच्या ज्या परदेशी गाडीवरून राजदूत ३५० आली, तिला पुढे डिस्क होती. पण १९८३ मध्ये ती आपल्याकडे आली ती ड्रम लावूनच. फ्युरीला मात्र पुढच्या चाकाला तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक होता. आपल्या रस्त्यांवर सर्रास डिस्क ब्रेक दिसायला पुढे १९९९ साल आणि हिरो होंडाची सीबीझेड उजाडावी लागली. म्हणजे ही गाडी काळाच्या पुढे होती आणि म्हणूनच तिचा ब्रेक दुरुस्त करणारे हात कमी होते.

भाऊ नोकरीसाठी आखातात गेला आणि गाडी पंधरा-सोळा वर्षे घराच्या बोळात ताडपत्रीखाली उभी राहिली. पुतण्या मोठा झाला, त्याने ती बाहेर काढली. आजकाल जुन्या गाड्या नव्यासारख्या करून घेण्याचा शौक आहे, आणि शौकाला मोल नसते. रंग, क्रोम, नवी सीट, टाकीवरचे पट्टे यांवर त्याने अडतीस हजार रुपये घातले. बिल आम्ही पाहिले. त्यात शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘ब्रेक चेक, १५० रुपये’.

पहिल्याच रविवारी पोराने गाडी पन्हाळ्याला नेली. जाताना काही वाटले नाही. चढाला ब्रेक लागतोच किती! उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीपर्यंत आला आणि हाताला काही लागलेच नाही. मागचा ब्रेक आणि गिअर यांच्या जोरावर त्याने गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. कोपर सोलले, गुडघा फुटला, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या बाजूला दरी होती हे सांगायला नको.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. अर्ध्या तासाने लिव्हर पुन्हा कडक झाला! पोरगा गाडी हळूहळू घरी घेऊन आला. ज्याने ‘ब्रेक चेक’ केला होता त्याच्याकडे गाडी नेली, तर त्याने दोनदा लिव्हर दाबून सांगितले की ब्रेक एकदम ठीक आहे, पोराला चालवता येत नाही. घरातल्या लोकांनीही पोरालाच दोष दिला. त्यात आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी उद्यमनगरात एका जुन्या उस्तादांकडे गाडी नेली. म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी या शहराला लोखंडाशी बोलायला शिकवले, त्या परंपरेतले हे गृहस्थ. साठीच्या पुढचे, बोलणे कमी. त्यांनी मास्टर सिलिंडरचे झाकण काढून आत बोट बुडवले आणि आम्हाला दाखवले. तेल काळ्या चहासारखे होते.

मग त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखे तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचे असते आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. आमच्या कोल्हापूरचा पावसाळा तर कपाटातल्या गठ्ठ्यांनाही सोडत नाही. डॉट-३ प्रकारचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर ब्रेक सारखा दाबला की डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमध्ये जाते, आतले पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. तेल दाबले तर दबत नाही, म्हणून हाताचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दबते. सगळा जोर तिला दाबण्यात जातो आणि चाक मोकळे राहते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, लिव्हर कडक होतो आणि सपाट रस्त्यावर दोनदा दाबून पाहणाऱ्याला ब्रेक ‘एकदम ठीक’ वाटतो.

पण इतकी उष्णता आली कुठून? उस्तादांनी चाक हाताने फिरवून दाखवले, ते अडखळत होते. कॅलिपरमधला पिस्टन गंजून अडकला होता, म्हणजे लिव्हर सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होते. रंग झकास, क्रोममध्ये तोंड दिसावे, आणि चाक घरापासूनच ब्रेक लावून फिरत होते.

काम तीन दिवस चालले. दुकान मुलावर सोपवून आम्ही दोन वेळा तिथे जाऊन बसलो. कॅलिपर उघडला तेव्हा पिस्टनवर जिथे रबरी सील बसते तिथेच गंजाचे खड्डे होते. असा पिस्टन घासून गुळगुळीत केला तर माप कमी होते आणि तेल गळते. उस्तादांनी शेजारच्या लेथवर स्टेनलेस स्टीलचा नवा पिस्टन काढून घेतला, मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला आणि एकदा परतही पाठवला. सीलची खाच लाकडी काडीने खरवडून साफ केली, कारण खाचेत पांढरा गंज साचला की नवे सीलसुद्धा पिस्टनला आवळून धरते. मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या अग्राएवढे एक छिद्र असते. लिव्हर सोडल्यावर तेल त्यातून परत येते. ते बुजले होते. केबलची एक तार सोडवून त्यांनी ते मोकळे केले. जुना रबरी होज कापून दाखवला: बाहेरून धडधाकट, आतून फुगून जवळपास बंद.

सीलची गोष्ट तर आमच्या स्पेअर पार्टवाल्या बांधवांनी मुद्दाम वाचावी. आम्ही हौसेने उद्यमनगरातल्याच हायड्रॉलिक प्रेसच्या दुकानातून त्या मापाची ओ-रिंग आणून दिली. उस्तादांनी ती परत केली. प्रेसची रिंग नायट्राइल रबराची. ती खनिज तेलात टिकते, ब्रेक ऑइलमध्ये फुगून खराब होते. ब्रेकच्या रबराचे उलटे आहे. त्याला पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागले की ते फुगते. म्हणून ब्रेकचे भाग पेट्रोलमध्ये धुवून तसेच जोडणे हा आपल्याकडचा रिवाज घातक आहे. ब्रेकचे भाग ताज्या ब्रेक ऑइलने धुवावेत. दोन्ही रबरे काळी आणि दोन्ही गोल. आम्हालाही सूत आणि पॉलिएस्टर डोळ्यांनी फसवते, तेव्हा धागा जाळून वास घ्यावा लागतो.

मग हवा काढण्याचे काम. गाडी सरळ उभी केली, कॅलिपरच्या निपलवर पारदर्शक नळी चढवली आणि तिचे दुसरे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवले. शागीर्दाने लिव्हर हळूहळू दाबून धरायचा, उस्तादांनी निपल पाव फेरा सैल करायचे. बुडबुडे बाहेर येतात, लिव्हर खाली जातो. निपल आधी बंद, मग लिव्हर मोकळा. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत शिरते. वरच्या डबीतले तेल संपू द्यायचे नाही, नाहीतर सगळे पहिल्यापासून. तेलाचा एक थेंब टाकीवर पडताच शागीर्दाने पाणी ओतले, कारण हे तेल रंग उतरवते आणि त्या रंगावर पोराचे हजारो रुपये होते.

संध्याकाळपर्यंत लिव्हर स्पंजासारखाच राहिला. उस्ताद म्हणाले, “शेठ, ऊपर के मोड में हवा बैठी है. रात को बांध के रखेंगे.” सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीशी आवळून बांधला. सकाळी वरचा बोल्ट जरा सैल करून हवा काढली, त्याखाली तांब्याचे नवे वॉशर घातले, आणि लिव्हर दगडासारखा झाला.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. या कामाचे उस्तादांनी किती घ्यावेत? त्यांनी सांगितलेला आकडा रंगाच्या बिलाच्या दहाव्या हिश्शाहून कमी होता. तरीही आमच्या भावाने फोनवर विचारले, “तेल बदलायला एवढे?” गिऱ्हाईक तरी काय करणार! रंग त्याला दिसतो, पिस्टन दिसत नाही. आणि हा दोष आमच्या मते केवळ गिऱ्हाइकाचा नाही. कारागीर न दिसणारे काम दाखवत नाही, ते लिहीत नाही, सगळे मिळून एक गोल आकडा तोंडी सांगतो. मग त्याच्या शेजारचा दीडशे रुपयांत ‘ब्रेक चेक’ लिहितो आणि बाजार त्याच्याकडे जातो.

आमच्या धंद्यात असेच होते. धुतल्यावर आटणारे कापड आणि आधीच आटवलेले सॅनफोराइज्ड कापड दुकानात सारखेच दिसे. वडिलांच्या काळी आम्ही दुसऱ्याचा भाव सांगितला की गिऱ्हाईक पाठ फिरवी. मग वडिलांनी एक युक्ती केली. एकाच मापाचे दोन तुकडे, एक कोरा आणि एक धुतलेला, गल्ल्याजवळ टांगून ठेवले. चार बोटांचा फरक गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसला आणि घासाघीस निम्मी झाली.

गॅरेजवाल्या बंधूंनी तेच करावे. काढलेला पिस्टन, कापलेला होज, काळे तेल बाटलीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. बिलात पिस्टनची लेथमजुरी वेगळी, सील वेगळे, तेल वेगळे, हवा काढण्याचे तास वेगळे लिहावेत. तेलाचा प्रकार आणि तारीखही लिहावी. लिहिता येत नसेल तर गॅरेजमधल्या शाळा शिकलेल्या पोराला बसवावे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बिले लिहायला आम्ही दुकानात शिकलो, तेव्हा सबब कुणी सांगू नये.

दुकानदारांनाही एक अर्ज आहे. फोडलेल्या डब्यातले ब्रेक ऑइल सुटे विकण्याची पद्धत बंद करा. डबा उघडला की तेल ओलावा ओढू लागते. महिनाभर उघडे राहिलेले तेल नव्या कामात ओतणे म्हणजे उस्तादांच्या तीन दिवसांच्या मेहनतीत पाणी घालणे. लहान सीलबंद बाटलीला चार पैसे जास्त पडतात, ते गिऱ्हाइकाला सांगून घ्या. तसेच सिलिकॉनचे डॉट-५ तेल ग्लायकॉलच्या तेलात मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून ते चांगले, असे सांगून कुणाच्या गळ्यात मारू नका.

कुणी म्हणेल की आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या बहुतेक ड्रम ब्रेकच्या, त्यांत ना तेल ना हवा. खरे आहे. पण तिथेही हिशेब तोच. ड्रम गोल राहिला नसेल तर लेथवर घ्यावा लागतो, कॅमला किंचित ग्रीस लागते आणि ते लायनिंगवर जाऊ द्यायचे नसते, केबलची एकेक तार तुटत आलेली असते. आणखी एक. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणारी पोरे आम्ही रोज पाहतो. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. ओल्या फडक्याने पुसायला पैसा लागत नाही.

या शौकाला पुढे काम आहे, हेही ध्यानात घ्यावे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. आमची फ्युरी त्यात बसत नाही, लोक तिला व्हिंटेज म्हणोत बापडे. पण बुलेट, जावा आणि त्याआधीच्या पुष्कळ गाड्या बसतात, आणि त्यांचे मालक पुण्या-मुंबईहून कारागीर शोधत फिरतात. लेथ, फौंड्री, क्रोम, सीट शिवणारा, सगळे एका हाकेवर असलेले आमच्यासारखे शहर त्यांना दुसरे कुठे मिळणार? फक्त रंगावर नाव कमावले तर पहिल्या घाटात ते जाईल.

उस्तादांचे पैसे आम्ही त्यांनी सांगितले तेवढेच दिले, पण बिल लिहून मागितले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नऊ ओळींचे बिल केले, शागीर्दाने लिहिले, आणि खाली त्यांनी स्वतः सांगून एक ओळ घातली: दोन वर्षांनी तेल बदलणे. ते बिल भावाला पाठवले. त्याचा फोन आला, तो पिस्टन कुठे आहे असे विचारत होता. पिस्टन आमच्या गल्ल्यात आहे, पुतण्याने पन्हाळ्याला जायची परवानगी मागितली की आम्ही तो बाहेर काढतो.