डाग आणि लेझर

मुलांनो, परवा चौथीतली एक मुलगी गालावरचा काळा डाग रुमालाने झाकून बसली होती. "बाई, लेझरने जातो ना हा?" तिने हळूच विचारलं.

त्वचेला रंग देतं ते मेलॅनिन. ते एका जागी जास्त साठलं की डाग दिसतो. १९६० साली थिओडोर मायमन यांनी पहिलं लेझर यंत्र बनवलं. लेझरचा क्षणभराचा प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं, तापतं आणि फुटतं. मग शरीर ते कण हळूहळू साफ करतं. पण आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन सगळीकडेच भरपूर! जास्त तापलं, तर डाग आणखी काळा पडू शकतो. म्हणून पालकहो, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मनाने क्रीमही नको.

आणि मुलांनो, तुम्ही चिडवणं थांबवलंत, तर तिचा रुमाल आजच दप्तरात जाईल. बघा बरं!