सरकारी हुंडी आणि आपली शिल्लक

काटकसर हा गुण आपल्या समाजाला नवा नाही. ताप्तीच्या काठाने धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून जी कुटुंबे सुरतेस आली, त्यांनी मागावर, रंगाईच्या गिरणीत, लहानमोठ्या दुकानांत कष्ट केले आणि अंथरूण पाहून पाय पसरले. थेंबे थेंबे तळे साचते, हे त्यांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. परंतु साचलेले तळे कोणत्या बांधाने राखावे, या विषयाची चर्चा मात्र आपल्या घरांत फारशी होत नाही. पैसा मिळवावा कसा याविषयी आपण मुलांना पुष्कळ सांगतो. तो ठेवावा कोठे याविषयी मौन पाळतो. वर्षानुवर्षांची शिल्लक मग भिशीत जाते, सोन्यात जाते, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जाते आणि कधी कधी परत येतच नाही. म्हणून यंदाच्या अंकात एका सरकारी कर्जपत्राचा परिचय करून देणे आणि त्याविषयी आमचे मत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. हे पत्र म्हणजे ट्रेझरी बिल होय.

नाव परके असले तरी वस्तू सुरतकरांच्या ओळखीची आहे. सतराव्या शतकात आग्रा आणि बुऱ्हाणपूर येथे काढलेल्या हुंड्या सुरतेच्या पेढ्यांवर वटत असत. विरजी व्होरा यांच्यासारख्या सुरतेच्या सावकारांपुढे इंग्रजांच्या वखारीलाही कर्जासाठी हात पसरावा लागत असे. हुंडीचे मुख्य प्रकार दोन. दाखविताच जिचे पैसे मिळतात ती दर्शनी आणि ठरलेल्या दिवसांनंतर जिचे पैसे मिळतात ती मुदती. मुदती हुंडी घेणारा सावकार व्याज आधीच कापून घेई आणि उरलेली रक्कम देई. मुदत भरली की त्यास हुंडीवरची पूर्ण रक्कम मिळे. या कापून घेतलेल्या रकमेस वटाव म्हणतात.

ट्रेझरी बिल ही सरकारने काढलेली मुदती हुंडीच होय. इंग्लंडच्या सरकारला १८७७ साली वॉल्टर बॅजट या अर्थतज्ज्ञाने असाच सल्ला दिला होता की, सरकारी पत्र शक्य तितके व्यापाऱ्यांच्या हुंडीसारखे असावे, म्हणजे पैसेवाल्यांस ते चटकन समजेल. भारतात ही बिले प्रथम १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात निघाली. आज भारत सरकारची बिले ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या मुदतीची असतात. सरकारच्या वतीने त्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते. हा लिलाव सामान्यतः दर बुधवारी होतो. रिझर्व्ह बँक हे नाव ऐकून कोणी बिचकू नये. त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आजच्या रायगड जिल्ह्यातील नाते गावचे मराठी गृहस्थ होते. १९४३ ते १९४९ पर्यंत त्यांनी तो कारभार सांभाळला आणि पुढे १९५० ते १९५६ या काळात ते देशाचे अर्थमंत्री होते.

सरकारला या हुंड्या कशासाठी काढाव्या लागतात? कराचा पैसा तिजोरीत ठरावीक वेळी येतो, खर्च मात्र रोजचा असतो. शिक्षकांचे आणि सैनिकांचे वेतन कराच्या हप्त्याची वाट पाहत थांबू शकत नाही. ही मधली तूट भरून काढण्यासाठी सरकार अल्प मुदतीचे कर्ज घेते. पूर्वी सरकार ‘तदर्थ’ बिले थेट रिझर्व्ह बँकेस देऊन पैसा उभा करीत असे आणि त्यामुळे चलन वाढून महागाईस निमंत्रण मिळे. ही पद्धत १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली. तेव्हापासून सरकारला बाजारात येऊन, लोकांच्या शिल्लकेपुढे उभे राहून, भाव ठरवून कर्ज घ्यावे लागते. लोकशाहीत हेच इष्ट होय, असे आम्हांस वाटते.

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. खरा भाव प्रत्येक लिलावात बदलतो. समजा, दहा हजार रुपयांचे ९१ दिवसांचे बिल ९,८४० रुपयांस मिळाले. मुदत भरताच सरकार पूर्ण १०,००० रुपये देईल. मिळकत झाली १६० रुपये. ती आपण गुंतविलेल्या ९,८४० रुपयांवर काढावयाची आणि ९१ दिवसांवरून ३६५ दिवसांवर न्यावयाची. उत्तर येते वर्षाला शेकडा सुमारे साडेसहा. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यालाही हे गणित अवघड नाही. ज्यांनी सरळव्याज शिकले आहे, त्यांनी ते वहीत करून पाहावे.

पूर्वी हा व्यवहार मुख्यतः बँका आणि मोठ्या संस्था यांच्यापुरता होता. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ योजना सुरू झाली आणि सामान्य नागरिकास दार उघडले. पॅन, बँकेतील बचत खाते, मोबाईल आणि ई-मेल असले की रिझर्व्ह बँकेकडे खाते विनामूल्य उघडता येते. मे २०२४ पासून त्यासाठी मोबाईलवरील ॲपही आहे. किमान रक्कम दहा हजार रुपये आणि पुढे दहा हजारांच्या पटीत. सामान्य माणसाने भावाची बोली लावावयाची नसते. मोठ्या संस्थांच्या स्वीकारलेल्या बोलींची जी सरासरी येते, त्या भावाने त्यास बिल मिळते. कागद हाती येत नाही, खात्यात नोंद होते. मुदत संपली की पैसे आपल्या बँक खात्यात जमा होतात. यात दलाल नाही आणि दलाली नाही. म्हणून ‘ट्रेझरी बिल मिळवून देतो’ असे सांगत कोणी दारी आला, तर त्यास दारातूनच निरोप द्यावा.

इतके वाचून कोणी म्हणेल की, मग घरातील सारा पैसा या बिलांत घालावा. आमचे मत तसे नाही. पहिली गोष्ट, ज्या घरात दहा हजार रुपये तीन महिने बाजूला ठेवणे शक्य नाही, त्या घरासाठी हे साधन नव्हे. त्यांच्यासाठी दरमहा शंभर रुपयांपासून सुरू होणारे पोस्टाचे आवर्ती खाते अधिक योग्य आहे. दुसरी गोष्ट, आजारपण सांगून येत नाही. मुदतीपूर्वी बिल बाजारात विकता येते. परंतु लहान रकमेस गिऱ्हाईक लगेच मिळेलच आणि भाव मनाजोगा येईलच, असा भरवसा धरता येत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यातच असावा. तिसरी गोष्ट, मिळकतीवर आपल्या उत्पन्नाच्या पट्टीप्रमाणे कर लागतो आणि महागाई आपला वाटा निराळा घेते. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी किंवा म्हातारपणासाठी जो पैसा पंधरा-वीस वर्षे वाढावयाचा आहे, त्यास तीन महिन्यांच्या हुंडीत फिरवत ठेवणे शहाणपणाचे नाही.

मग ही बिले कोणत्या पैशासाठी? आमच्या मते, ज्या पैशाच्या खर्चाची तारीख ठरलेली आहे त्यासाठी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतलेले ९१ दिवसांचे बिल जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडण्याच्या सुमारास, फीसाठी हाती येते. दिवाळीच्या बोनसातून नोव्हेंबरच्या आरंभी घेतलेले १८२ दिवसांचे बिल मे महिन्यात, लग्नसराईच्या दिवसांत, सुटते. मधल्या काळात हा पैसा नातलगाच्या उसनवारीस किंवा आपल्याच मोहास बळी पडत नाही, हा लाभ व्याजाहून लहान समजू नये.

यावर एक रास्त आक्षेप असा की, बँकेची मुदत ठेव काय वाईट? ती वाईट मुळीच नाही. काही वेळा तिचा दर बिलापेक्षा अधिकही असतो. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्या देशात ठेवींचा विमा सुरू झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदारास एका बँकेत, व्याज धरून, पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. ज्यांची ठेव या मर्यादेत आहे, त्यांनी चांगल्या बँकेतील पैसा घाईने काढावा, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु विमा असला तरी अडचणीच्या वेळी पैसा अडकून पडतो, हेही विसरता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी खातेदारास केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. महाराष्ट्रातील किती तरी कुटुंबांनी तो काळ कसा काढला, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. सरकारी हुंडीमागे कोणा बँकेची नव्हे, देशाच्या तिजोरीची हमी असते आणि तिला पाच लाखांची सीमा नाही.

सरकारची हमी तरी सर्वत्र आणि सर्वकाळ अभंग असते काय? नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाच्या सरकारने आपल्याच अल्प मुदतीच्या बिलांचे पैसे थकविले होते. स्वतंत्र भारताने रुपयांतील आपल्या बिलांच्या बाबतीत असे कधी केलेले नाही, ही आपल्या पतीची कमाई होय. ती पत राखणे हे राज्यकर्त्यांचे काम आणि त्यावर डोळा ठेवणे हे नागरिकांचे. ज्याने आपले दहा हजार रुपये सरकारला उसने दिले आहेत, तो अर्थसंकल्पाची बातमी निराळ्या आस्थेने वाचील, अशी आमची खात्री आहे.

परंतु या साऱ्याहून महत्त्वाचा वाटणारा मुद्दा अजून सांगावयाचा आहे. एखाद्याने जन्मात एकही ट्रेझरी बिल घेतले नाही, तरी त्याचा दर माहीत असणे प्रत्येकास उपयोगाचे आहे. कारण तो दर म्हणजे एक माप आहे. देशातील सर्वांत भरवशाचा ऋणको अल्प मुदतीच्या पैशाला किती भाडे देतो, हे त्यावरून समजते. त्याहून अधिक देऊ करणारा प्रत्येक जण, त्या वरच्या रकमेपोटी, आपल्याकडून काही तरी धोका पत्करून घेत असतो. सरकार वर्षाला शेकडा सहा-साडेसहा देत असताना कोणी दरमहा दरशेकडा दोन देऊ लागला, तर तो वर्षाला चोवीस देतो आहे. उरलेले सतरा-अठरा तो कोठून आणणार, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम सुरतेने जवळून पाहिले आहेत. ‘बिटकनेक्ट’ नावाची एक योजना याच शहराशी निगडित होती. महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत लाभाचे आमिष तिने दाखविले होते आणि जानेवारी २०१८ मध्ये ती कोसळली. ४० टक्क्यांचा हिशेब कोणी करून पाहिला असता, तर दहा हजारांचे बारा महिन्यांत साडेपाच लाखांहून अधिक होतात, हे दिसले असते. असा लाभ जगातील कोणताही प्रामाणिक धंदा वर्षानुवर्षे देऊ शकत नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली देशात झाला. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा गुजरातचा कायदा २००३ सालचा आणि महाराष्ट्राचा १९९९ सालचा आहे. परंतु कायद्याचा हात बहुधा पैसा गेल्यानंतर पोहोचतो. आधी पोहोचू शकते ते केवळ घरातील एखाद्याचे गणित.

आणि म्हणूनच हा विषय आम्ही शाळेच्या वार्षिकात घेतला. आपल्या अनेक घरांत मोबाईलवरचा मजकूर वाचणारी, अर्ज भरणारी, इंग्रजीतील अटी समजावून घेणारी व्यक्ती ही शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगाच असते. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज बिले विकत घ्यावीत अशी आमची अपेक्षा नाही. तुम्ही एवढे करावे. लिलावानंतर रिझर्व्ह बँक जो दर जाहीर करते, तो महिन्यातून एकदा पाहून वहीत टिपून ठेवावा. घरी कोणी नवी योजना घेऊन आला, तर तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत: वर्षाला शेकडा किती? हमी कोणाची? आणि मध्येच पैसे हवे झाले तर काय? उत्तर वहीतील दराशी ताडून पाहावे आणि ते आईवडिलांस मोकळेपणाने सांगावे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल असा प्रश्न विचारील तेव्हा ‘तुला काय कळते’ असे म्हणून त्यास गप्प करू नये. पाहुण्यासमोर संकोच वाटत असेल, तर निर्णय दुसऱ्या दिवसावर टाकावा. खऱ्या व्यवहारास एका रात्रीने बाध येत नाही. रात्रपाळी करून मिळविलेल्या पैशाविषयी एक रात्र विचार करणे, एवढा मान तरी त्या कष्टांस मिळालाच पाहिजे.