तीस दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर मागे घ्या

पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर नवशिक्यांनी कसा उभारावा, याची मराठी मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळांत ती हातोहात पुढे पाठवणाऱ्यांना हा जाहीर इशारा आहे.

‘मेल जात नसेल तर मायनेटवर्क्समध्ये ०.०.०.०/० घाला’, असे तुम्ही लिहिले आहे. या एका ओळीने जगातला कोणताही संगणक त्या सर्व्हरला घरचा वाटू लागतो. तुमचा मेल जातो, आणि कुणाचाही जातो. असे उघडे सर्व्हर स्पॅमवाले रात्रंदिवस हुडकत असतात. आमच्या मंडळाच्या एका तरुण स्वयंसेवकाने ती ओळ जशीच्या तशी उतरवली. सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत गेला, गणेशोत्सवाची निमंत्रणे सभासदांना मिळालीच नाहीत. पोरगा कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होता. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढेच त्याचे चुकले.

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी अमेरिकेतल्या यंत्रांत शिरला, त्यांतली एक सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरमधली होती. वीत्से व्हेनेमा यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात पोस्टफिक्स घडवले, ते सेंडमेलला सुरक्षित पर्याय हवा म्हणून. १९९८ मध्ये ते सर्वांना खुले झाले. मूळ मांडणीत ते वाटेल त्या परक्याचा मेल पुढे ढकलत नाही. त्यांनी विचारपूर्वक लावलेली ही कडी तुम्ही नवशिक्याच्याच हातून काढवता!

शिवाय मेल खरा आहे हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि उलट डीएनएस या नोंदींचा तुमच्या पानांत उल्लेखही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम लागते, उलट नोंदही लागते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही. आणि तुमची मार्गदर्शिका ‘चाचणी मेल पोहोचला, अभिनंदन’ म्हणून संपते.

ती ओळ काढा. वरच्या नोंदी कशा करायच्या ते लिहा. शेवटी, बाहेरच्या यंत्रावरून परक्या पत्त्याला मेल पाठवून तो नाकारला जातो का, ही तपासणी घाला. आजपासून तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी आमच्या संकेतस्थळावरचा तुमचा दुवा निघेल आणि ओळखीच्या प्रत्येक मंडळाला ‘ही मार्गदर्शिका वापरू नका’ असे लेखी जाईल. मुदत वाढणार नाही.

ज्यांनी ती वापरून सर्व्हर उभारला आहे, त्यांनी मात्र तीस दिवस थांबू नये. आज रात्रीच ‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवा. मायनेटवर्क्सपुढे ०.०.०.०/० दिसले, तर आधी सर्व्हर बंद करा.