यूट्यूबचा 'स्ट्राइक' ते मारहाणीतली 'बेसबॉल स्टिक': खेळ न बघताच त्याचे शब्द आपल्याकडे कसे आले?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसमध्ये मैदानावर कुणी विचारलं, 'पिच कशी हाय बे?' तर उत्तर ठरलेलं असतं. खेळपट्टी कोरडी आहे की ओली, चेंडू उसळतोय की खाली राहतोय, एवढंच सांगायचं. पण हाच 'पिच' शब्द बेसबॉलच्या मैदानावर वापरला तर? तिथे 'पिच' म्हणजे जमीन नाही. तिथे 'पिच' म्हणजे बॅटरकडे फेकलेला चेंडू आणि तो फेकणारा 'पिचर'.

शब्द एकच, पण अर्थ पूर्ण वेगळा. असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो. यूट्यूबवर, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आयपीएल बघताना, अगदी गुन्ह्याच्या बातमीतसुद्धा. यातले बरेच शब्द बेसबॉलचे आहेत हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं.

हे आत्ता समजून घेण्याला एक कारण आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळ परततायत. हा निर्णय झाला तो आपल्या मुंबईत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात बेसबॉल-सॉफ्टबॉल, टी-ट्वेंटी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रोस आणि फ्लॅग फुटबॉल या खेळांवर शिक्कामोर्तब झालं. क्रिकेट याआधी ऑलिम्पिकमध्ये खेळलं गेलं होतं ते थेट १९०० साली. बेसबॉल टोकियोत होता, पॅरिसमध्ये नव्हता.

म्हणजे दोन वेगवेगळ्या भाषा बोलणारे दोन भाऊ एकाच शहरात उतरणार आहेत. त्यांची बोली समजून घेऊ.

'चॅनलला स्ट्राइक आला' म्हणजे नेमकं काय?

रील्स आणि व्हिडिओ करणाऱ्यांना हा शब्द चांगलाच माहीत आहे. दुसऱ्याचं गाणं वापरलं, मालकाने तक्रार केली आणि व्हिडिओ हटवला गेला की कॉपीराइट स्ट्राइक येतो. असे तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं.

पण तीनच का? दोन किंवा पाच का नाहीत?

कारण हा हिशोब बेसबॉलचा आहे. तिथे पिचरने नीट टप्प्यात फेकलेला चेंडू बॅटरने सोडला किंवा बॅट फिरवूनही हुकला, तर तो एक 'स्ट्राइक'. असे तीन झाले की बॅटर बाद. 'तीन स्ट्राइक आणि तू आऊट' ही म्हण अमेरिकेत इतकी रुजली की कॅलिफोर्निया राज्याने १९९४ साली केलेल्या एका कायद्यालाच 'थ्री स्ट्राइक्स' हे नाव पडलं. त्यात तिसऱ्या गुन्ह्याला थेट २५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा होती. पुढे हाच हिशोब इंटरनेट कंपन्यांनी उचलला.

आपला गोंधळ इथेच होतो. क्रिकेटमध्ये 'स्ट्राइक' ही हवीहवीशी गोष्ट आहे. 'स्ट्राइक माझ्याकडे दे', 'स्ट्राइक रोटेट कर', 'त्याचा स्ट्राइक रेट भारी आहे'. बेसबॉलमध्ये बॅटरसाठी स्ट्राइक म्हणजे एक संधी वाया गेली. यूट्यूबचा स्ट्राइक या दुसऱ्या अर्थाचा आहे.

हा फरक कळला तर घाबरून चॅनल डिलीट करण्याची वेळ येत नाही. एक स्ट्राइक म्हणजे आऊट नव्हे. कॉपीराइट स्ट्राइकची मुदत ९० दिवसांची असते, त्यावर दाद मागता येते आणि तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तर तो निघूनही जातो. खेळ संपतो तो तिसऱ्याला.

क्रिकेटने बेसबॉलकडून काय उसनं घेतलं?

बरंच काही.

पिंच हिटर: बेसबॉलमध्ये हा बदली बॅटर असतो. अडचणीच्या वेळी एकाला बाहेर काढून दुसऱ्याला पाठवतात आणि बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटने शब्द घेतला, अर्थ बदलला. आपल्याकडे पिंच हिटर म्हणजे फटकेबाजीसाठी वरच्या क्रमांकावर पाठवलेला फलंदाज. गंमत म्हणजे आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेला 'इम्पॅक्ट प्लेअर' हाच मूळ अर्थाच्या जास्त जवळचा आहे.

नकल बॉल: बेसबॉलमध्ये हा चेंडू बोटांच्या टोकांनी किंवा पेरांनी धरून असा सोडतात की तो जवळपास फिरतच नाही, त्यामुळे हवेत डुलत येतो. क्रिकेटमध्ये त्याचा वापर फसवा संथ चेंडू म्हणून होतो. श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११च्या विश्वचषकात या चेंडूने फलंदाजांना चकवलं आणि हा शब्द आपल्या घराघरात पोहोचला.

डगआऊट: बेसबॉलमध्ये मैदानाच्या कडेला जमिनीत थोडी खोल खणलेली बसायची जागा. टी-ट्वेंटीमध्ये खणलेलं काही नसतं, सीमारेषेबाहेर खुर्च्या मांडलेल्या असतात. नाव मात्र तेच.

बॅटर: २०२१ साली एमसीसीने क्रिकेटच्या नियमांतला 'बॅट्समन' शब्द काढून 'बॅटर' केला, कारण महिलाही खेळतात. बेसबॉलमध्ये हा शब्द आधीपासूनच आहे. मराठीला मात्र हा प्रश्न कधी पडलाच नाही. 'फलंदाज' आणि 'गोलंदाज' हे शब्द स्मृती मानधनालाही चालतात आणि रोहित शर्मालाही.

उलट दिशेनेही प्रवास झालाय. 'हॅटट्रिक' हा मूळचा क्रिकेटचा शब्द, तो आज फुटबॉलपासून निवडणुकीच्या निकालापर्यंत सगळीकडे चालतो.

ऑफिसमधलं इंग्रजीही बेसबॉलचंच?

दिग्रसहून पुण्यात आयटीमध्ये नोकरीला गेलेल्यांना अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर हे शब्द हमखास ऐकू येतात.

'बॉलपार्क फिगर द्या' म्हणजे अंदाजे आकडा सांगा. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आकडा निदान त्या मैदानाच्या आत तरी पडावा ही अपेक्षा. 'टच बेस करू' म्हणजे एकदा बोलून घेऊ. 'कर्व्ह बॉल आला' म्हणजे अनपेक्षित अडचण आली. 'होम रन मारलास' म्हणजे काम जबरदस्त झालं.

होम रन म्हणजे आपला षटकार असं समजलं जातं. ते अर्धं खरं आहे. चेंडू कुंपणापलीकडे गेला की बॅटरला एक धाव मिळते आणि त्या वेळी बेसवर जितके साथीदार उभे असतील, तितक्या धावा वाढतात. तिन्ही बेसवर खेळाडू असतील तर चार धावा. एका फटक्यावर यापेक्षा जास्त मिळतच नाहीत.

मग 'बेसबॉल स्टिक' कुठून आली?

आता या विषयाची काळी बाजू. मराठीत 'बेसबॉल' हा शब्द सर्वात जास्त कुठे वाचायला मिळतो? क्रीडा पानावर नाही, गुन्ह्यांच्या बातम्यांत. 'बेसबॉल स्टिकने मारहाण', 'बेसबॉलच्या दांडक्याने हल्ला' अशा ओळी सगळ्यांनी वाचलेल्या आहेत.

मुळात बेसबॉलमध्ये 'स्टिक' नसते. स्टिक हॉकीची. बेसबॉलची असते ती बॅट: गोल, एका टोकाला जाड, मुठीकडे निमुळती. पण आपल्याकडे अनेकांनी ती मैदानावर पाहण्याआधी गाडीच्या सीटखाली किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिली. ज्या वस्तूचा खेळ माहीत नाही, तिला दिसेल ते नाव मिळतं. इथे ती दांडक्यासारखी दिसली.

'खेळाचं सामान आहे' म्हणून ती गाडीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये घातक हत्याराने इजा करण्यासाठी जास्त शिक्षा आहे. हल्ल्यात वापरल्यावर जीव जाऊ शकेल अशी कोणतीही वस्तू त्यात येऊ शकते. बॅट खेळासाठी विकत घेतली होती, एवढ्याने सुटका होत नाही.

शब्दांचा खेळाडूंना काय फरक पडतो?

पडतो. कारण महाराष्ट्रात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे शालेय क्रीडा स्पर्धांमधले खेळ आहेत. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. दिग्रसच्या शाळेचा संघ यवतमाळला जिंकला तर पुढे अमरावती विभागात अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिमच्या संघांशी गाठ पडते.

यात मुलांच्या हाती लागण्यासारखं बरंच आहे. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांमध्ये पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. कापूस-सोयाबीनच्या भरवशावर चालणाऱ्या घरात याचं मोल वेगळं सांगायला नको. पण ज्या पालकांनी 'बेसबॉल' हा शब्द फक्त हाणामारीच्या बातमीत वाचलाय, ते मुलीला या खेळाला पाठवताना दोनदा विचार करणारच.

मैदानावर अडचण वेगळी असते. क्रिकेट खेळून आलेल्या मुलाला आधी विसरावं लागतं, मग शिकावं लागतं.

• क्रिकेटमध्ये बॅट हातात घेऊन पळतात. इथे बॅट खाली टाकून पळायचं. भिरकावायची मात्र नाही.

• क्रिकेटमध्ये चेंडू मारला तरी धाव घ्यायची की नाही, हे फलंदाज ठरवतो. इथे चेंडू रेषांच्या आत पडला की पळावंच लागतं.

• रेषेबाहेर गेलेला चेंडू 'फाऊल'. त्यावर धाव नाही, पण झेल घेतला तर बॅटर बाद.

• 'बॉल' म्हणजे नुसता चेंडू नाही. टप्प्याबाहेर फेकलेला आणि बॅटरने सोडून दिलेला चेंडूही 'बॉल'. असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला 'वॉक' म्हणतात.

• 'सॉफ्टबॉल' मऊ नसतो. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा असतो आणि पिचर तो हात खालून फिरवून फेकतो. बेसबॉलचा सामना ९ डावांचा, सॉफ्टबॉलचा ७.

अंतराचं गणित मात्र ओळखीचं आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फूट. बेसबॉलमध्ये पिचर ६० फूट ६ इंचांवरून फेकतो. दोन्हीकडे बॅटरला विचार करायला अर्ध्या सेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो.

मराठीत शब्द तयार होतील का?

याआधी झालेत. षटक, यष्टी, झेल, निर्धाव हे क्रिकेटचे शब्द मराठीने घडवले आणि ते टिकले. 'गोलंदाज' तर मूळचा तोफ डागणारा. तोफा गेल्या, शब्द चेंडूच्या कामाला लागला. कबड्डीत तर आपला 'लोण' थेट आंतरराष्ट्रीय नियमांत 'लोना' म्हणून गेला.

आणि परके शब्द आपल्याला नवे नाहीत. जुन्या विटी-दांडूत 'वकट, लेंड, मुंड, नाल' असं मोजत असत. तेलुगूत एक, दोन, तीन, चारला 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' म्हणतात. साम्य उघड आहे. मोजणाऱ्या पोरांना तेलुगू येत नव्हती, खेळ येत होता, म्हणून शब्द टिकले.

बेसबॉलचं आपल्याकडे उलटं झालंय. शब्द आले, पण खेळ पाहिलेले लोक कमी. त्यामुळे 'स्ट्राइक' म्हणजे चॅनलवरचं संकट आणि 'बेसबॉल' म्हणजे दांडकं, एवढीच ओळख उरली. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममधले सामने मोबाइलवर दिसतील, तेव्हा ही ओळख बदलू शकते. त्याआधी गावातल्या शाळेचा संघ खेळत असेल, तर तिथे जाऊन एक सामना बघता येईल. आणि बातमी लिहिणाऱ्यांना निदान 'स्टिक'च्या जागी 'बॅट' लिहिता येईल.