उंबऱ्याबाहेरचे कुतूहल

मेक्सिकोतील वाहाका राज्यात वाउत्ला हे डोंगरी गाव आहे. तिथली माझातेक जमातीची मारिया साबिना रात्रीच्या विधीत पवित्र अळंबी खाऊन रुग्णाच्या दुखण्याचे मूळ शोधी. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर त्या विधीत बसला. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि पुढे गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. अळंबी आजाऱ्यासाठी असते, नुसता देव शोधण्यासाठी नव्हे, असे मारियाने बोलून दाखवले. गावाचा रोष तिच्यावरच आला. तिचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये ती गरिबीतच निवर्तली. आज अळंबीतील सायलोसायबिनवर प्रयोगशाळांत संशोधन चालते. ते जरूर व्हावे. पण दुसऱ्याच्या देवघरात शिरताना चपलांबरोबर थोडे कुतूहलही उंबऱ्याबाहेर ठेवावे, हे आपण कधी शिकणार?