दार आणि कुलूप

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव बिनदारांच्या घरांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील घरांना चौकटी असत, पण परंपरेने दारे बसवीत नसत. फार तर एखादा पडदा लावीत. शनिदेवावरील श्रद्धा आणि शेजाऱ्यावरील विश्वास हेच त्या गावाचे कुलूप होते.

नेवाशाच्या महाविद्यालयात शिकणारी एक विद्यार्थिनी एकदा आपल्या आजोबांच्या मोबाइलला परवलीचा शब्द घालून देत होती. आजोबा हसून म्हणाले, "अगं, आपल्याच तालुक्यात लोक घराला दारे लावीत नाहीत आणि तू या एवढ्याशा डबीला कुलूप घालतेस! ज्याने काही वावगे केले नाही, त्याने लपवायचे तरी काय?"

प्रश्न साधा होता; पण उत्तर तिला चटकन सुचेना. पुढे कित्येक दिवस ती त्यावर विचार करीत राहिली. त्या विचारांतून तिला जे उमगले, ते प्रत्येकाने ध्यानी धरावे असे आहे.

गावात कोणी परका शिरला, तर दहा डोळे त्याच्याकडे वळतात. मोबाइलच्या वाटेने येणारा चोर मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. सन २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरीस गेले. तेथे कोणी भिंत फोडली नाही की तिजोरीला हात लावला नाही. चोरांनी बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरकाव केला आणि बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले. खुद्द शनिशिंगणापूरही या संकटातून सुटले नाही. तेथील देवस्थानाच्या नावाने बनावट अॅप काढून भाविकांकडून पूजेसाठी पैसे उकळल्याचे प्रकरण २०२५ साली उजेडात आले व पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. ज्या गावात दाराचीही गरज भासली नाही, त्याच गावाच्या नावावर दूर कोठे बसलेल्या भाविकाचा खिसा कापला जावा, ही केवढी खेदाची गोष्ट!

मग लपवायचे काय? विद्यार्थिनीला वाटले, लपवणे वेगळे आणि जपणे वेगळे. आपण पत्र पाकिटात घालून चिकटवतो, ते आतील मजकूर वाईट असतो म्हणून नव्हे. तो ज्याच्यासाठी लिहिला, त्यानेच वाचावा म्हणून. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या कायद्याने तर १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याचे बंधन घातले.

पुष्कळ मुलांना वाटते, की एक जन्मतारीख सांगितली किंवा शाळेच्या गणवेशातील एक छायाचित्र पाठवले, तर काय बिघडले? परंतु थेंबे थेंबे तळे साचे. आज नाव, उद्या शाळा, परवा घरी जाण्याचा रस्ता, असे तुकडे जोडत गेले, की अनोळखी माणसाच्या हाती आपले अवघे जीवन लागते. आणि एकदा हातून निसटलेली माहिती सुटलेल्या बाणाप्रमाणे परत येत नाही.

तरीही आजोबांचे म्हणणे तिला खोटे वाटेना. विश्वासावाचून गाव चालत नाही, हे खरेच. या कोड्याचे उत्तर तिला शिंगणापुरातच सापडले. २०११ साली तेथे युको बँकेची शाखा निघाली. गावाचा मान राखून बँकेने दाराला कुलूप लावले नाही. मात्र आतील रोकड व कागदपत्रे यांच्या रक्षणाची व्यवस्था केली. का बरे? कारण ती लोकांची ठेव होती! स्वतःचे घर मोकळे टाकण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याची ठेव उघड्यावर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एके संध्याकाळी ती आजोबांना म्हणाली, "आजोबा, तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्या एकट्याचेच काही नाही. भजनी मंडळातील सगळ्यांचे क्रमांक आहेत, आत्याचा पत्ता आहे, धाकट्याची छायाचित्रे आहेत. ती त्यांची ठेव आहे. बँकेचे नाव सांगून कोणी ओटीपी विचारला, तर तो देऊ नका. पैशाची फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा."

आजोबा क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. परवलीचा शब्द मी स्वतःच घालतो. तू जरा तिकडे तोंड कर पाहू!"

आणि नातीने हसतहसत पाठ फिरवली.